खोक्यांची काटव्यावरील स्वारी

श्रीविघ्नहर्ता आणि श्रीकालीमाता, उभयतांचे चरणी मस्तक ठेवून, आणि बालीगंजच्या घरातील सर्वाधिकारी अखंडसौभाग्यवती उज्ज्वलाबाईसाहेब यांची आज्ञा शिरसावंद्य मानून ही हकीकत लिहिली असे. आज्ञा ऐसी की, जे घडले ते तैसेच लिहावे, आणि जेथे खाशांची फजिती जाहली तेथे फजितीच लिहावी, तिला पराक्रम म्हणो नये. लिहिणाराने मान तुकविली, त्या घरी मान तुकविण्याचीच रीत आहे. परंतु बखर लिहिणारा हात काही केल्या लहान गोष्ट लहान लिहीत नाही, हा दोष वाचणारांनी पदरात घ्यावा.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणमास. कलकत्ता सुभ्यात, सियालदहच्या कागदबाजारामागे एका बोळात राजेश्री श्रीधरपंत खांबेटे यांचा कारखाना होता. कारखाना कशाचा म्हणाल, तर मिठाईच्या खोक्यांचा. हल्ली देशी खोका या शब्दास भलताच अर्थ चिकटला आहे असे कानावर येते, तर त्या खोक्यांचा आणि या बखरीचा काडीमात्र संबंध नाही. हे खोके पुठ्ठ्याचे, आणि कारखान्यातून निघताना रिकामेच निघत.

कारखाना स्थापिला तो श्रीधरपंतांचे तीर्थरूप कैलासवासी श्यामराव यांनी. ते सातारा प्रांतातून एक ट्रंक घेऊन या मुलुखी उतरले, आणि पुठ्ठा कापण्याचे एक हातयंत्र पैदा केले, आणि रोज सकाळी पहिला खोका तयार जाहला की त्यावर बोटाच्या पेराने टकटक करून म्हणत, "वाजतोय. चांगला खोका." मग दिवसाचे काम सुरू होई. श्यामराव गेले, यंत्र राहिले, टकटकही राहिली. श्रीधरपंतांचा जन्म कलकत्त्याचा. बोलणे ऐसे की मासळीबाजारात घासाघीस करू लागले म्हणजे मासळीवाला त्यांस आपल्याच गावचा समजे. परंतु शाळा हिंदीची आणि इंग्रजीची, यामुळे बंगाली अक्षर म्हणाल तर एक ओळखीचे नाही. तिथे मोठा अंधार. घरी बोलताना खोका आणि बाजारात बोलताना बाक्सो, ऐशी दोन राज्ये त्यांचे मुखी चोपन्न वर्षे सुखाने नांदत होती आणि एकाने दुसऱ्याची सरहद्द कधी ओलांडली नव्हती. कन्या चिरंजीव ईशाबाई न्यू टाउनात संगणकाच्या चाकरीस, त्या दोन्ही राज्ये सोडून सर्वत्र 'बॉक्स' म्हणत. श्रीधरपंतांस ते खुपे, पण बोलून दाखवीत नसत.

ऐशात जागामालकाचा खलिता आला की, येथे कोचिंग क्लास काढणे आहे, सबब गणेशचतुर्थीपूर्वी जागा खाली करणे, जरूर जाणिजे. खलिता वाचून श्रीधरपंत स्टुलावर बसले ते अर्धा प्रहर उठले नाहीत. दुर्गापूजेचा हंगाम तोंडावर, विजयेच्या, म्हणजे दसऱ्याच्या, मिठाईचे खोके याच दोन महिन्यांत विकायचे, आणि कारखान्यास छप्पर नाही. वडिलांनी उभा केला तो आपल्या हातून बसणार, हा एकच विचार त्यांचे काळीज कुरतडू लागला.

मग श्रीधरपंतांच्या बालीगंजच्या घरी मसलत बसली. प्रथम श्रीधरपंतांच्या कुटुंबाचे, म्हणजे उज्ज्वलाबाईंचे, बंधू अजेयराव बोलते जाहले. हे नागपूरचे, बँकेत मोठे अंमलदार, बदली होऊन कलकत्त्यास आलेले, आणि ज्या मुलुखात तीन वर्षे काढली त्याबद्दल तीस वर्षांचे सल्ले देणारे. त्यांचे फर्मान ऐसे की, जागा घ्यावी ती न्यू टाउनात घ्यावी, शहर सोडले की धंदा संपला, मोफसलात खोके कोणास विकणार, गाईस? ईशाबाईंचे म्हणणे की, बाबांनी आता बंद करून आराम करावा. हे मायेपोटी बोलल्या, पण श्रीधरपंतांस ते लागले, आणि ते ताटातली आमटी भुरकण्यात मग्न आहोत ऐसे दाखवू लागले.

शेवटी उज्ज्वलाबाईसाहेब पोळी लाटता लाटता बोलत्या जाहल्या. त्यांनी विचारले की, पुठ्ठा कोठून येतो? श्रीधरपंत म्हणाले, हुगळीपलीकडून येतो. तो शहरात दिवसा येऊ देतात काय? नाही, गाडी नाक्यावर अडते. खोके जोडणाऱ्या बायका कोठून येतात? काटव्याहून आणि दाईहाटाहून, पहाटेच्या लोकलने, साडेतीन तास येणे आणि साडेतीन तास जाणे. खोके घेणारे हलवाई कोठले? निम्मे त्याच बाजूचे.

"म्हणजे पुठ्ठा बाहेरचा, माणसं बाहेरची, गिऱ्हाईक बाहेरचं," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि शहरात कोण? एकटे तुम्ही! मग एकट्या तुम्हांलाच तिकडं न्यायला काय हरकत आहे?"

यावर मसलत बरखास्त जाहली. अजेयराव मात्र जिना उतरताना म्हणाले की, ताई, काटवा म्हणजे आमच्या नागपूरकरांच्या फौजांचा जुना तळ बरे का, तेथील लोक अजून विसरले नाहीत, सांभाळून. आणि हसले.

तर खरेच, वाचणारांस ठाऊक असावे की, पावणेतीनशे वर्षांमागे मराठी फौजा बंगाल्यात उतरल्या त्यांचा तळ काटव्यास होता, आणि चौथाईसाठी त्यांनी मुलुखाची जी दशा केली तीमुळे 'बर्गी' हा शब्द तेथे आजही मुलांस निजविताना भय घालण्याच्या कामी येतो. आपण ज्यास दिग्विजय म्हणतो त्यास तेथील आया बागुलबुवा म्हणतात.

पुढे सुमुहूर्त पाहून खाशी स्वारी सकाळच्या काटवा लोकलने निघाली. सोबत थालीपिठांचा डबा, आणि वाट दाखविण्यास कारखान्यातील जुन्या कारागीर प्रतिमादी. बंडेल गेले, नवद्वीप गेले, आणि खिडकीतून भाताची शेते येऊ लागली. मग श्रीधरपंतांस कळले की ही बाई सोळा वर्षे रोज एवढी वाट तुडवीत आली आणि आपण तिला दहा मिनिटे उशीर जाहला म्हणून घड्याळ दाखवीत होतो. त्यांनी तिच्यापुढे डबा धरला. प्रतिमादींनी एक थालीपीठ घेतले आणि म्हणाल्या की, दादा, तिखट फार घालता तुम्ही लोक.

काटव्यास निवारण कुंडू नामे सत्तरीचे गृहस्थ. त्यांची भाताची गिरण बंद पडून ओस होती. छप्पर उंच, अंगण प्रशस्त, दारात टेंपो सरळ उभा राहील ऐसा रस्ता. श्रीधरपंतांनी ते अंगण पाहिले आणि त्यांस आपल्या बोळाची आठवण येऊन हसू आले, जेथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकास भिंतीस चिकटावे लागे. कुंडूमहाशयांनी नाव पुसले, मग गाव पुसले. बालीगंज, म्हणाले. त्याआधी? सातारा, म्हणाले. कुंडूमहाशयांनी चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, "ओ बाबा! बर्गी!"

श्रीधरपंत ओशाळले. कुंडूमहाशय गंभीरपणे बोलते जाहले की, मागल्या खेपेस तुम्ही लोक आलात तेव्हा कोणास पुसून आला नव्हता, यंदा पुसून आलात, ही सुधारणा आहे. तथापि येथे आळीची मर्जी सांभाळावी लागते. आधी दारावर बंगालीत पाटी लावा, काय करता ते गावास कळू द्या, मग उद्घाटनाच्या दिवशी आळीसमक्ष मी करारावर सही करीन. कोणी हरकत घेतली तर नाही करणार. हे ऐकून श्रीधरपंत निश्चिंत जाहले, खोक्यास कोण हरकत घेतो!

आता जेथे फजितीस सुरुवात जाहली तो प्रसंग. पाटी रंगविण्याचे काम काटव्याचे पेंटर गोराचाँद यांजकडे दिले होते. मजकूर कळविण्यास श्रीधरपंतांनी सियालदहच्या फलाटावरून फोन लाविला. फलाटावर भोंगा चालू, माणसांचा लोंढा चालू, आणि शेजारी उज्ज्वलाबाई मराठीत विचारीत की, "अहो, सगळ्या मापांचे खोके मिळतील, असं सांगितलंत ना?" त्या क्षणी चोपन्न वर्षांची सरहद्द फुटली, आणि श्रीधरपंत अस्खलित बंगालीत सांगते जाहले की, येथे सर्व मापांचे खोका तयार होतात, मागणीप्रमाणे बनवून मिळतील, घाऊक घेतल्यास सवलत.

आणि बंगाली भाषेत खोका म्हणजे लहान मुलगा. जशी खुकी म्हणजे लहान मुलगी, तसा खोका.

गोराचाँद भला माणूस. त्याने घाबरतच पुसले की, "शुधु खोका? खुकी ना?" म्हणजे फक्त मुलगेच, मुली नाहीत? भोंग्यामुळे श्रीधरपंतांस त्यातले पहिले दोन शब्द तेवढे ऐकू आले, आणि ते ठासून म्हणाले की, फक्त खोका, दुसरा माल आम्ही ठेवीत नाही, वडिलांपासूनचा धंदा आहे. गोराचाँदाने फोन ठेविला आणि ब्रश उचलला.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा मुहूर्त धरिला. सियालदहची जागा आदले दिवशी खाली करून किल्ली देऊन जाहली. हातयंत्र, ज्यास कारखान्यात सर्व 'तोफ' म्हणत, टेंपोत चढविले, पुठ्ठ्याचे गठ्ठे चढविले. आता मागे जागा नाही आणि पुढे सही नाही, मध्ये टेंपो, आणि टेंपोत वडिलांची तोफ. श्रीधरपंत ड्रायव्हरशेजारी बसले ते वाटभर यंत्रावरील दोर तपासण्यास तीन वेळा उतरले. उज्ज्वलाबाई मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन बसल्या.

काटव्यास पोहोचतात तो गिरणीपुढे दोनशे माणूस. श्रीधरपंतांस वाटले की स्वागतास आले. त्यांनी कुडता सारखा केला आणि हात जोडून उतरले. सियालदहच्या बोळात त्यांची इंग्रजी पाटी चाळीस वर्षे होती, ती वाचण्यास एक माणूस कधी थांबला नव्हता, आणि येथे पहिल्याच दिवशी हा जमाव! मनात म्हणाले, अजेयरावांस फोटो पाठवावा.

तो एक म्हातारी पुढे येऊन पुसती जाहली की, सुनेच्या लग्नास सहा वर्षे जाहली, किती दिवसांत मिळेल? श्रीधरपंत म्हणाले की, मावशी, माप सांगा, चार दिवसांत देतो. म्हातारीने डोळे विस्फारले. मग एक गृहस्थ तीन पोरांचा बाप, तो म्हणाला की, जुने परत घेता काय? श्रीधरपंत म्हणाले, फाटके घेत नाही. जमाव ऐसा हसला की पिंपळावरचे कावळे उडाले. एक बाई कंबरेवर हात देऊन कडाडली की, मुली का बनवीत नाही, मुलीत काय खोट आहे? आणि मागून कोणी वृद्ध म्हणाला की, पूर्वी बर्गी आले की पोरे लपवीत, आता बर्गी पोरे बनवून देतात, कलियुगात एवढे तरी बरे जाहले.

मग जमाव दुभंगला आणि निवारण कुंडू आले. काखेत छत्री, हातात कराराचे कागद, मुद्रा कठोर. ते बोलते जाहले की, खांबेटेबाबू, माझ्या गिरणीत आजवर फक्त भात कांडला. या धंद्यास परवाना कोणत्या खात्याचा लागतो, एवढे सांगा, मग सहीचे पाहू.

श्रीधरपंतांस काही उमगेना. त्यांनी पाटीकडे पाहिले, अक्षरे वळणदार होती, एवढेच कळले. त्यांनी प्रतिमादींकडे पाहिले, तो त्या भिंतीकडे तोंड करून पदरात गदगदत होत्या. उज्ज्वलाबाई नागपूरच्या, लग्नानंतर या मुलुखी आलेल्या, पण भाजीवालीच्या पोरीकडून बाराखडी शिकून बसलेल्या. त्या पाटी वाचू लागल्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, 'घाऊक' पाशी आल्या आणि मटकन टेंपोच्या फळीवर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलगे विकायला काढलेत!"

बखरीत लिहितात की ऐशा समयी वीर तरवार उपसतो. श्रीधरपंतांचे मनात आले की टेंपो तैसाच वळवावा आणि कूच करावे. पण कूच कोठे करणार? बोळाची किल्ली तर देऊन जाहली. त्यांनी टेंपोतली तोफ पाहिली. तिची मूठ वडिलांच्या हाताने गुळगुळीत जाहली होती. चार पिढ्या न टिकलेले कारखाने पुष्कळ पाहिले, पण एका शब्दापायी बुडालेला हा पहिलाच, ऐसे वाटून त्यांस रडू येऊ लागले, आणि रडू येऊ लागले म्हणून राग आला, आणि रागाच्या भरात ते गिरणीच्या दारातील बाकावर चढले.

टेंपोतून नमुन्याचा खोका हाती घेतला होता. तो त्यांनी उंच धरिला, पेराने टकटक केली, आणि ओरडले, "आमादेर भाषाय एटाइ खोका!" म्हणजे आमच्या भाषेत हाच खोका. मग बंगालीत भडभडून बोलते जाहले की, मी मूर्ख आहे. या मुलुखी जन्मलो, चोपन्न वर्षे तुमचे अन्न खाल्ले, आणि तुमचे एक अक्षर शिकलो नाही. माझे वडील यास खोका म्हणत, मी घरी खोका म्हणतो, फोनवर तोंडातून तेच निघाले. मला मुले बनविता येत नाहीत. एक मुलगी आहे, ती फार चांगली आहे, पण ती मी एकट्याने बनविली नाही. मला फक्त हे येते.

मग जे हसू उसळले ते स्टेशनापर्यंत ऐकू गेले असावे. कंबरेवर हात दिलेली बाई ओल्या डोळ्यांनी हसू लागली, म्हातारी हसली, आणि कठोर मुद्रेचे कुंडूमहाशय छत्री टेकून ऐसे हलू लागले की दोघांनी त्यांस धरिले.

ही संधी साधून उज्ज्वलाबाईंनी डबा उघडला आणि घोषणा केली, "मोदक! मोदक!" तो गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ लगबगीने पुढे येऊन म्हणाला की, हजर आहे, मला कोणी बोलाविले? हे सुमन मोदक, तेथील नावाजलेले हलवाई. बंगाल्यात हलवायांचे आडनावच मोदक असते. बाईंनी त्यांचे हाती त्यांचेच आडनाव ठेविले. त्यांनी ते खाल्ले, डोळे मिटले, आणि श्रीधरपंतांच्या हातचा खोका घेऊन उलटासुलटा पाहिला, दाबला, टकटक केली. मग फर्माविते जाहले की, कलकत्त्याहून खोके मागवितो ते येईतो चेपतात, अर्धे फेकावे लागतात, पूजेस मला दोन हजार खोका पाहिजेत. मोठे एक हजार, धाकटे एक हजार. पाठोपाठ दुसरा हलवाई ओरडला की, मला पाचशे धाकटे.

कुंडूमहाशयांनी डोळे पुसले आणि तेथेच, छत्रीच्या मुठीवर कागद ठेवून सही केली. परंतु आधी तह जाहला. पाटी आहे तैसीच राहील, एक अक्षर बदलणे नाही, गावास इतके हसू फुकट पुन्हा मिळणार नाही. आणि पूर्वी बर्गींनी चौथाई नेली, सबब यापुढे चौथाई काटवा वसूल करील, ती ऐसी की दर शनिवारी बाबूंच्या थालीपिठांच्या डब्यातील चौथा हिस्सा कुंडूंकडे यावा. आणि खांबेटेबाबूंनी बंगाली अक्षरे शिकावी, मास्तर खुद्द कुंडू, गैरहजेरी खपवून घेतली जाणार नाही. श्रीधरपंतांनी तिन्ही अटी मान्य केल्या. त्या वेळी त्यांस चौथी अट कोणी घातली असती तरी मान्यच केली असती.

पुढे तोफ गिरणीत बसली, आणि जे अजेयरावांस खोटे वाटले ते खरे जाहले. प्रतिमादी सकाळी नऊ वाजता सायकलवरून येतात, दुपारी घरी जेवून येतात, आणि पूर्वीपेक्षा दीडपट खोके जोडतात, कारण त्या आता झोप घेऊन येतात. पुठ्ठ्याची गाडी भर दुपारी दारात लागते. यंत्राचे पाते तुटले तर समोरचा लोहार संध्याकाळपर्यंत करून देतो आणि वर चहा पाजतो. वीज जाते, ती पुष्कळदा जाते, हेही लिहिले पाहिजे, पण तोफ हाताने चालते, तीस विजेची पर्वा नाही. श्रीधरपंत आता लोकांस सांगतात की, मोफसलात धंदा न्यावा हा विचार मी पूर्ण अभ्यास करून केला. उज्ज्वलाबाई तेथे असल्यास ते हे वाक्य गिळतात.

विजयेच्या दुसरे दिवशी ईशाबाई न्यू टाउनाहून कारखाना पाहण्यास आल्या. तो काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन म्हणते जाहले, "दिदी, दुटो बॉरो खोका दाओ." दोन मोठे खोके द्या. काटव्यात एव्हाना मिठाईच्या डब्यास बाक्सो म्हणणारा सापडत नव्हता, सारा बाजार हसत हसत खोका म्हणू लागला होता. ईशाबाईंनी फळीवरून दोन खोके काढिले, आणि कोणी सांगितले नसता, लहानपणी पाहिलेले आठवून, पेराने टकटक केली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "वाजतोय, बाबा. चांगला खोका."

श्रीधरपंतांनी जाहीर केले की डोळ्यात पुठ्ठ्याची धूळ गेली, आणि मागील अंगणात निघून गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

येणेप्रमाणे काटव्यावरील दुसरी स्वारी फत्ते जाहली. मुलूख हाती आला नाही, खंडणी मिळाली नाही, उलट दर शनिवारी थालीपिठे द्यावी लागतात. जिंकला तो एक शब्द, आणि तोही आम्ही घेतला नाही, काटवेकरांनी आपण होऊन ठेवून घेतला. वरील हकीकत उज्ज्वलाबाईसाहेबांनी वाचून पाहिली आणि फजिती पुरेशी आहे ऐसा निर्वाळा दिला. लिहिणारास आता बंगाली 'ख' काढता येतो, 'क' अजून लंगडतो, ऐसा शेरा मास्तर निवारण कुंडू यांनी समासात लाल शाईने मारिला आहे.